लग्नाआधीच घोड्यावर

रविवारी संध्याकाळी आमचा निलेश घोड्यावर बसला... वरात नाही, बँड नाही, मुलीचा होकारसुद्धा नाही!

निलेश माझा धाकटा भाऊ, खारबावला आईसोबत राहतो. गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, दिवसभर ट्रकवाल्यांवर ओरडत असतो. पण मुलगी समोर आली की याची दातखीळ बसते... "मुलगा काही बोलतच नाही" म्हणून चांगली चांगली स्थळं हातची गेली.

या वेळचं स्थळ टेमघरचं. मुलगी दर्शना, शाळेत शिक्षिका. आईने निघताना शंभरदा बजावलं होतं, तिथे आपलं हाय-न्हाय करू नकोस, शुद्ध बोल. झालं! चुकायला नको म्हणून पठ्ठ्याने बोलणंच बंद केलं. पोहे खाल्ले, पाणी प्यायला, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला.

शेवटी तिची काकूच म्हणाली, शेजारच्या कापडाच्या लूमची खडखड फार, दोघं जरा गार्डनमध्ये बोलून या. सोबतीला मी आणि माझी लेक चिऊ.

गार्डनमध्येही तेच. दोघं एका बाकावर, मधे आणखी चार माणसं बसतील एवढं अंतर... दर्शना एकदोनदा काहीतरी विचारून गप्प झाली. मी आपली लांबून देव पाण्यात घालून उभी. हेही स्थळ जाणार, याची मला जवळजवळ खात्री झाली होती.

तेवढ्यात चिऊला घोडे दिसले. आमच्या लहानपणीचंच ते चक्र, हाताने ढकलायचं. रंग उडालेले लाकडी घोडे, एकाचा कान तुटलेला. ना लाइट, ना गाणी... फिरताना नुसती बारीक करकर. मला ते आजही फार आवडतं.

चिऊने हट्टच धरला, मामा पाहिजे. मामा बसला तर चक्र एका बाजूला कललं. चक्र फिरवणारे म्हातारे चाचा म्हणाले, "सामने भी कोई बड़ा बैठो, तभी घूमेगा."

मी पर्स सावरत पुढे होणार, इतक्यात दर्शना ओढणी खोचून समोरच्या घोड्यावर बसलीसुद्धा!

चाचांनी ढकललं. मधे तो जाडजूड खांब, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसेना. दोन फेऱ्या झाल्यावर तिने पलीकडून हाक मारून विचारलं, "चक्कर येतेय का तुम्हाला?"

आणि आमचा निलेश गोडाऊनमधल्या आवाजात ओरडला, "येतेय... पन उतराचा न्हाय मना!"

मी कपाळावर हात मारला. गेलं स्थळ!

पण दर्शना खळखळून हसली आणि तिकडून तशीच ओरडली, "मना पन न्हाय!"

मग काय विचारता... खांबाच्या दोन्ही बाजूंनी गप्पाच गप्पा. चिऊ कंटाळून उतरली, हे दोघे उतरेनात. चाचा मिशीत हसत हळूहळू ढकलत राहिले.

घरी आल्याआल्या आईने काळजीने विचारलं, नीट शुद्ध बोलला ना गं? मी म्हटलं, "आई, तो बोलला." आईचे डोळेच भरले, माझेही.

काल टेमघरहून होकार आला. पहिली पत्रिका रीतीप्रमाणे कुलदैवताला जाईल... दुसरी मी स्वतः जाऊन त्या चाचांच्या हातात देणार आहे.