पोळपाटावरचा गुप्त लॅपटॉप

आपल्या अकोल्यातल्या जठारपेठेतल्या घरी जगातला सर्वांत गुप्त लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर पडून होता आणि मी त्याच्या शेजारी बसून मेथी निवडत होते.

हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तर मेथी दुसरीकडे निवडली असती. (मी प्रत्येक वस्तूचा मान ठेवते. तुमच्या आयांना विचारा.)

मुलांनो, या प्रकरणाची एक हकीकत टोरांटोला पोचली आहे, दुसरी मेलबर्नला, आणि अमेरिकेतल्या आपल्या सानिकानं तर तिसरीच सांगितली आहे, तीही रडत रडत. तेव्हा खरं काय ते मी नीट क्रमानं लिहून ठेवते. घरात निदान एका माणसाला तरी क्रम कळतो.

सुरुवात तुमच्या आबांपासून. आबांनी उभं आयुष्य संत्र्याच्या अभ्यासात घालवलं. झाडावरचं फळ पिकण्याआधीच का गळतं, हा त्यांचा विषय. निवृत्तीनंतर ऐकायला कोणी उरलं नाही म्हणून ते हा विषय मला सांगतात, आणि मी पोळ्या लाटते. तर दसऱ्यानंतर एका वाहिनीची मुलगी कॅमेरा घेऊन घरी आली. वरूडकडे संत्री फार गळत होती, त्यावर तज्ज्ञाचं मत हवं होतं. आबांनी तीन सदरे बदलले.

मुलगी म्हणाली, "सर, समोर लॅपटॉप ठेवा ना. अभ्यासू वाटतं."

आता हा लॅपटॉप म्हणजे सानिकानं अमरावतीला इंजिनीअरिंग करताना वापरलेला आणि मग आम्हाला 'भेट' दिलेला. (तरुण पिढी टाकवत नाही ते भेट देते.) आमच्याकडे आलेली कुठलीही वस्तू मी उघडी ठेवत नाही. शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा जूनमध्ये पुस्तकांना कव्हरं घालायचे, ती सवय हाताला आहे. म्हणून लॅपटॉपच्या झाकणालाही मी खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं, कोपरे दुमडून, चिकटपट्टी लावून. वर पांढरी चिठ्ठी: नाव: आबा. विषय: संत्री. इयत्ता: निवृत्त. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा झाली तेव्हा विळी, स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप अशा तिघांना हळदकुंकू लागलं, तोही ठिपका कोपऱ्यात होता. शिवाय आबांची मान दुखते म्हणून लॅपटॉप पोळपाटावर ठेवलेला.

अशा थाटात आबा भरपूर बोलले. लॅपटॉप बंदच होता, तरी मधून मधून त्यात बघून मान हलवत होते.

टीव्हीवर ते आलं. सानिकाला एवढा आनंद झाला की तिनं तो तुकडा इंटरनेटवर टाकला: 'माझे आबा!' आता सानिका कुठे नोकरी करते ते तुम्हाला माहीत आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीत. ते तिच्या नावाखाली लिहिलेलंही असतं. जगात अशी काही माणसं आहेत की ती अजून बाजारात न आलेल्या लॅपटॉपचा वास काढत दिवसभर बसलेली असतात. आपण काय काम करतो म्हणून ती आपल्या आयांना सांगत असतील कोण जाणे! त्यांनी आबांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी त्या चित्रात लॅपटॉपभोवती लाल गोल काढला आणि ते जगभर फिरवलं.

दुसऱ्या सकाळीच शेजारच्या शोभाताई मोबाइल नाचवत आल्या.

"काकू! अवो काकू! तुमच्या लॅपटॉपवर सारी दुनिया बोलून राह्यली!"

"आणि आबांवर?" मी विचारलं.

"त्याहिले कोनी नाई पाह्यलं. हे वाचा, हे!"

मी चष्मा लावून वाचलं. खाकी कव्हराला ते म्हणत होते 'नवीन पर्यावरणपूरक धातू'. नाव-विषय-इयत्तेची चिठ्ठी म्हणजे झाकणावरचा 'दुसरा छोटा पडदा'. हळदकुंकवाचा ठिपका म्हणजे बोटाचा ठसा ओळखणारं बटन. यंत्र एवढं जाड का? तर आठवडाभर पुरणारी बॅटरी! (वायर काढली की हा लॅपटॉप त्याच क्षणी प्राण सोडतो.) आणि ज्यावर आपण रोज पोळ्या लाटतो तो पोळपाट? 'लाकडी, गोल, तीन पायांचा, बिनवायरचा चार्जर.'

आबा चहा पीत होते. कप ठेवून म्हणाले, "मी बुरशीबद्दल जे सांगतलं, ते आइकलं का कोनी?"

"एकानं तुमच्याबद्दल लिहिलंय," मी म्हणाले. "हा म्हातारा बाजूला सरकला असता तर पोर्ट दिसले असते, असं."

आबा उठून बागेत गेले.

इथवर माझा काही दोष नव्हता, हे लक्षात ठेवा. आता पुढे.

दुपारी अमरावतीहून मंदाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला. मंदाचा नातू बेंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर आहे, हे ती दर फोनला सांगते, राँग नंबर लागला तरी सांगते.

"ताई, खरं सांग. तो लॅपटॉप सानिकानं गुपचूप पाठवला ना?"

"कुठला लॅपटॉप?"

"बस झालं वं! इकडे पूर्ण कॉलनीत तेचीच चर्चा होऊन राह्यली. आमचा नातू म्हने, असा लॅपटॉप त्यानंबी नाई पाह्यला."

मुलांनो, मंदाच्या तोंडून 'आमच्या नातवानं नाही पाहिला' हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. अशा वेळी खरं बोलायला माणूस संत असावा लागतो. मी फक्त एवढंच म्हणाले, "मंदा, सगळंच काही फोनवर सांगता येत नाही गं."

संध्याकाळपर्यंत सगळ्या अमरावतीला कळलं की फोनवर सांगता येत नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सानिकाच्या त्या तुकड्याखाली मी मोबाइलवरून 'शाब्बास! तुझी आजी' असं लिहिलं होतं, आणि त्याखाली कोणीतरी मला थेट विचारलं होतं: आजी, हा नवा लॅपटॉप आहे का? इंग्रजीत विचारलं होतं, आणि चांगल्या इंग्रजीत. उत्तर देणं भाग होतं. आता एक वाक्य असं आहे की ते मी पिढ्यान्‌पिढ्या मुलींना शिकवलं, त्यांच्याकडून पाठ करून घेतलं, पण स्वतः वापरायची संधी मला अकोल्यात कधी मिळाली नाही. भाजीवाल्याला ते म्हणता येत नाही. ती संधी समोर उभी होती. मी टाइप केलं: 'आय ॲम नॉट ॲट लिबर्टी टू डिस्कस द मॅटर.' शेवटी पूर्णविराम दिला. काय वाक्य आहे! मी ते दोनदा वाचलं आणि मेथीची भाजी फोडणीला टाकली.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी सानिकाचा फोन.

"आजी, तू काय लिहिलंस?"

"का गं? चूक आहे?"

"आजी, ते वाक्य माझ्या ऑफिसमध्ये पडद्यावर लावलंय! त्यांना वाटतंय मी कंपनीचा गुप्त लॅपटॉप चोरून भारतात पाठवला! माझी नोकरी जाईल आजी. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की मी गेले!" आणि ती रडायला लागली. फोडणी करपल्याच्या वासानं घाबरते त्याहून जास्त मी त्या रडण्यानं घाबरले.

"मी आत्ताच्या आत्ता लिहिते की..."

"नको!!" ती ओरडली. "काहीही लिहू नकोस! व्हिडिओवर ये. त्यांना लॅपटॉप दाखव."

मग टेबलापाशी मी, आबा आणि (बोलावलं नसताना) शोभाताई. मोबाइलच्या पडद्यावर लाल डोळ्यांची सानिका आणि तिचे दोन साहेब: एक दाढीवाले, एक बाई. दोघांचे चेहरे असे, की जणू आम्ही तिजोरी फोडली आहे.

बाई म्हणाल्या, कृपया आवरण काढा.

मी नखानं चिकटपट्टी हळूहळू सोडवायला घेतली. एक कोपरा झाला. दुसरा घेतला.

"आजी, फाड!" सानिका मराठीत म्हणाली.

"फाडू कशी? चांगला कागद आहे. पुन्हा वापरता येतो."

"आजी!!"

"काहून घाई करून राह्यली पोरी," शोभाताई म्हणाल्या, "निघून राह्यलं ना!"

तिकडे दाढीवाल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण आम्ही पुरावा नष्ट करतो आहोत एवढं त्यांना कळत असावं. शेवटी कव्हर निघालं, मी ते घडी करून ठेवलं. खाली ओरखडे पडलेलं काळं झाकण. ते म्हणाले, बाहेरचं खोकं काहीही असू शकतं. चालू करा.

मी बटन दाबलं. मुलांनो, हा लॅपटॉप चालू होतो तेव्हा आधी पंखा घरघरतो, मग काही काळ काहीच होत नाही, मग पुन्हा पंखा. तेवढ्यात आम्ही एरवी आंघोळी उरकतो. साहेब वाट बघत होते. सानिका नखं खात होती. कोणीच बोलत नव्हतं, आणि आबांना अशी शांतता कधी सोसली नाही. ते खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर आले आणि आपल्या वऱ्हाडी इंग्रजीत म्हणाले, "तोवर मी संत्र्याबद्दल थोडं सांगतो."

थोडं! साल, पान, मूळ, बुरशी, जास्तीचं पाणी, कमी पाणी, सगळं झालं. साहेबांना उठता येईना. चौकशी त्यांनीच लावली होती ना! बाईंनी एक प्रश्नसुद्धा विचारला. आबांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

अखेर लॅपटॉपचा पडदा उजळला. चिखलदऱ्याच्या सहलीतली सानिका कणीस खाताना दिसली, आणि पडद्यावर तिच्या डोक्याच्या वर भलत्याच, दुसऱ्याच कंपनीचं नाव. दाढीवाले पहिल्यांदाच हसले. म्हणाले, हा आमचा नाही, आणि नवा तर मुळीच नाही.

पण बाई पक्क्या होत्या. म्हणाल्या, तो चार्जर राहिला.

मी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणि लाटणं आणलं आणि त्यांच्यासमोर पोळपाटावर पोळी लाटली. अगदी गोल. इतक्या बारकाईनं माझ्या पोळीकडे सासूबाईंनंतर कोणी पाहिलं नव्हतं!

सानिकाची नोकरी वाचली. साहेबांनी तिला त्याच दिवशी तसं लेखी दिलं, आणि ती पुन्हा रडली, पण या वेळी बरी रडली. मंदाला मी फोन करून खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या नातवाले वाटलंच होतं." इंटरनेटवरच्या मंडळींनी मात्र 'कंपनीनं म्हातारीचं तोंड बंद केलं' असं जाहीर करून टाकलं. एकानं तर मला सोडवण्यासाठी सह्या गोळा करायला घेतल्या.

तेव्हापासून घरात नियम झाला आहे: मी इंटरनेटवर काही लिहायचं तर आधी सानिकाला दाखवायचं. मी नियम पाळणारी बाई आहे. परवा त्या सह्यावाल्याला मी सुटकेबद्दल आभाराचं अतिशय सभ्य उत्तर तयार केलं आणि तिच्याकडे तपासायला पाठवलं. तिचं उत्तर लगेच आलं: 'व्याकरण उत्तम. पाठवू नकोस.'