मीठ घातलेल्या बर्फातली बाटली

मुंबईच्या खोलीवरच्या सर्व गाववाल्यांनो, सुनेच्या बाळंतपणाच्या काळजीत पत्र लिहायला फार उशीर झाला, राग मानू नका. आज लिहितोय, कारण डोकं फिरलंय.

काल बाळंतपणात सुनेचं रक्त फार गेलं. नात सुखरूप आहे. मालवणच्या डॉक्टरांनी घाटावरून रक्ताची बाटली मागवली. आणायला माझा मेहुणा बाबल गेला. तो मासळीचा व्यापारी, बर्फ राखण्यात पटाईत, म्हणून मी निर्धास्त होतो.

आज दुपारी एसटीतून हसतच उतरला. "भावजीनु, बर्फ इरघळाक लागलो म्हणान मूठ मूठ मीठ मारलंय. बांगडो टिकता, तर रगात टिकाचा नाय?"

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "मिठाने बर्फ जास्त गार झाला. रक्त गोठून नासलं. हे देता येणार नाही."

"मेल्या, रगात म्हणजे काय सुरमय रे?" मी ओरडलो.

मग डॉक्टरांनी जमलेल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. जुळलं कोणाचं? आमच्या कुंपणापलीकडच्या पेद्रू मास्तरांचं! शेजारी असलेलं रक्त आम्ही घाटावर शोधत होतो. आधी तपासून ठेवायचं कोणालाच का सुचू नये?

सुनेने डोळे उघडलेत. पण आठवड्याने ऑपरेशन आहे, पुन्हा रक्त लागेल, आणि मास्तरांचं इतक्यात परत घेता येणार नाही. घाटावरच्या बाटलीवर माझा भरवसा उरला नाही. तिचा रक्तगट 'बी' आहे. तुम्ही मुंबईत तपासून घ्या. ज्याचं जुळेल त्याने बोटीने यावं, आणि येतोय एवढी तार लगेच करा. जीव टांगणीला आहे.