नाव बंद, दुरुस्ती चालू

अंधेरीच्या श्यामकांत परबांची अख्खी नोकरी विमानतळाजवळच्या रेडिओ केंद्रात गेली. हे केंद्र जागचं हलत नाही. नुसतं चहूकडे लहरी सोडत राहतं. त्या पकडून वैमानिकाला कळतं, आपण केंद्राच्या कुठल्या दिशेला आहोत. शिवाय स्वतःचं नाव काय, हेही केंद्र टिकटिकीच्या संकेतांत सारखं सांगत असतं. दुरुस्ती निघाली की परब आधी ते नाव बंद करायचे. लहरी येतायत पण नाव ऐकू येत नाही, म्हणजे त्यांच्यावर विसंबायचं नाही, हे वैमानिकांना पक्कं ठाऊक.

घरी बायको सुहासिनीबाई. प्रेमविवाह, त्यामुळे त्यांच्या तोंडी वाक्यागणिक 'श्याम'. सोसायटीतल्या बायकांनी काही वर्षं नाकं मुरडली आणि मग नाद सोडला.

निवृत्ती तोंडावर आली आणि परबांनी घोळ घातला. बायकोला न विचारता कणकवलीच्या थोरल्या भावाला फोनवर सांगून टाकलं की आम्ही कायमचे गावी येतोय, माडीवरची खोली झाडून ठेव. सुहासिनीबाईंना हे कळलं जावेकडून. त्या भांडल्या नाहीत. 'श्याम' तेवढं बंद झालं.

"रागावलीस का गं?" परबांनी विचारलं.

"छे, मी कशाला रागावू? जा ना गावाला."

दुसरा नवरा असता तर खुशाल बॅग भरायला बसला असता. परबांनी मात्र बॅगेला हात लावला नाही. लहरी येत होत्या, नाव नव्हतं. हिच्याशिवाय गावी एकट्याने राहायचं, या विचारानेच त्यांना रडू यायचं. माफी मागावी, तर मालवणी ताठा आडवा येत होता.

निरोप समारंभात सहकाऱ्यांनी वहिनींना उखाण्याचा आग्रह केला. परब खुर्चीत अंग चोरून बसले. सुहासिनीबाईंनी पदर सारखा केला, माइक हातात घेतला आणि नवऱ्याकडे रोखून बघत म्हणाल्या,

"विमानं आली-गेली, केंद्र हललं नाही जागचं,
श्यामचं नाव घेते, घर अंधेरीतच आमचं."

टाळ्या थांबायच्या आत परब दाराबाहेर जाऊन भावाला फोन लावत होते.

"दादा, कायमचा येवक जमाचा नाय. आमी दोघां गणपतीक येतलंव."

दादांनी पलीकडून यथेच्छ शिव्या घातल्या. परबांनी त्या ऐकल्याच नाहीत, कारण आतून हाक आली होती.

"श्याम, वडे गार होतायत रे."

परबांनी डोळे पुसले आणि आवाजाची दिशा धरून ते सरळ आत गेले.