‘साठा उपलब्ध नाही’

“मॅडम, ओ निगेटिव्ह कुठंच नाही म्हणते तुमचं सॉफ्टवेअर. अन् नंदनवनचा ब्लड बँकवाला फोनवर म्हणते, आहे. कोणाचं खरं मानू?”

जरीपटक्याच्या एका रुग्णालयातून सुनंदा सिस्टर बोलत होत्या. त्यांच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आजारानं दाखल झालेली एक मुलगी होती. रक्त लगेच हवं होतं. शहरातल्या ब्लड बँकांचा साठा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे सर्व्हर मी सांभाळत होते.

“फोनवाल्याचं माना, सिस्टर. माणूस पाठवा.”

मी स्वतः शोधलं. रक्त दिसलं. पुन्हा शोधलं, ‘साठा उपलब्ध नाही’.

आमचे तीन सर्व्हर. त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर, म्हणजे काम वाटून देणारा. ज्याच्या हातात काम कमी, त्याला पुढचं काम. मी एकेका सर्व्हरला थेट विचारलं. तिसऱ्याचा डेटाबेसशी संपर्क तुटला होता. पण एरर न देता तो रिकामी यादी झटकन परत करत होता. लवकर मोकळा होतो, म्हणून बॅलन्सर जास्तीत जास्त काम त्यालाच देत होता. हेल्थ चेक हिरवा होता, कारण सर्व्हर चालू आहे का, एवढंच तो बघायचा.

मी तिसरा सर्व्हर बंद केला आणि मॅनेजर वानखेडे सरांकडे गेले.

“सर, सकाळपासून बरीच उत्तरं चुकीची गेलीत. रुग्णालयांना कळवायला हवं.”

“आता बरोबर चालून राहिलं ना? मग काहून घाबरवता लोकाईले?”

“कुणीतरी ‘नाही’ वाचून थांबलं असेल, सर.”

 त्यांनी फोन जवळ ओढला. “अर्धे नंबर मले द्या.”

रिकामी उत्तरं कुणाकुणाला गेली, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंदलेलं होतं. आम्ही फोन करत गेलो. बहुतेकांनी दुसरीकडून सोय केली होती. सुनंदा सिस्टरांकडच्या त्या मुलीला नंदनवनचं रक्त चढवलं होतं. मनीषनगरच्या एका रुग्णालयाशी बोलून सरांनी फोन हळूच ठेवला.

“एका म्हाताऱ्या बाबाले नातेवाईक रक्तासाठी दुसऱ्या गावी घेऊन निघाले होते. रस्त्यातच गेले ते.”

इथंच रक्त मिळालं असतं तर ते वाचले असते का, हे कुणालाच सांगता आलं नाही.

आता हेल्थ चेक प्रत्येक सर्व्हरला खराखुरा साठा शोधायला लावतो. डेटाबेस सापडला नाही तर स्क्रीनवर येतं, ‘माहिती मिळत नाही, ब्लड बँकेला फोन करा.’

‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत फरक आहे. प्रोग्राममध्ये तो एका ओळीचा निघाला.