पिंड नेणारा कुरव

मामांचा दहावा पालीच्या धरणावर झाला. पिंड मांडले, मंडळी मागं सरली, आणि बाभळीवरचे कावळे काही जागचे हलेनात.

अडलंय कुठं ते सगळ्यांना ठाऊक होतं. विहिरीजवळचं रान पोरीला द्यायचं, असं मामा जायच्या आधी चार माणसांत बोलले होते. शेवटचं वर्ष त्यांना तिनंच सांभाळलं, सासरहून येऊन हगणंमुतणं काढलं. दोन्ही पोरं पुढारी, गावोगाव बॅनरवर हात जोडून उभी. बापापुढं उभं राहायला मात्र सवड नव्हती.

कावळा शिवेना की मयताची इच्छा पुरी करायचं मोठ्यानं कबूल करायचं, अशी रीत. थोरला म्हणाला, "बाबा, आईला सांभाळू." धाकटा म्हणाला, "मारुतीला कळस चढवू." कळस म्हणे! रानाचं नाव कुणी काढीना.

एवढ्यात पाण्यावरून एक कुरव, म्हणजे सीगल, आला आणि पिंड उचलून गेला.

"शिवला बे, शिवला!" थोरला ओरडला.

मला पक्ष्यांचा नाद. म्हटलं, "अरे, तो कावळा नाही, कुरव आहे."

"पांढरा कावळा म्हन. तुला कावून लई पंचाईत?"

हिवाळ्यात धरणावर येणारे कुरव यांच्या लेखी सगळे बगळेच. तपकिरी डोक्याचा, काळ्या डोक्याचा, घारीएवढा मोठा कुरव, कुणाला सांगणार? त्याच कुळातला नदी सुरय सूर मारून आपला मासा आपण धरतो. कुरव दुसऱ्याच्या चोचीतला हिसकावतो. एका कुळात दोन्ही निपजतात. मामांच्या घरात निपजलेच की.

मग मामेबहीण उठली. "तो कावळा न्हाई," म्हणाली. उरलेल्या भाताचा पिंड तिनं पुन्हा पानावर ठेवला आणि भावांकडं बघत राहिली. भावांनी मोबाइल काढले. बराच वेळ गेला. शेवटी तिनंच हात जोडले.

"बाबा, मला न्हाई पायजे ते रान. तुमी जा."

कावळा उतरला.

"बघा," थोरला चारचौघांना म्हणाला, "बाबाचं बी हेच म्हननं होतं."

मी पाण्याकडं तोंड फिरवलं. कुरवाला मी आजवर चोर म्हणत आलो, ते उगीच. तो निदान पोटापुरतं नेतो.