डोक्यामागची खुर्ची

कोचाला रेक्झिन ठोकण्यात माझी वीस वर्षं गेली, पण असं गिऱ्हाईक सोलापुरात पहिल्यांदाच आलं. मूळची करकंबची बाई, मनाची डॉक्टर. दुसऱ्या दिवशी तिचा दवाखाना उघडणार होता. मी पोचवलेला कोच बघून तिनं चक्क टाळ्या वाजवल्या!

मी सवयीनं खुर्ची कोचासमोर मांडली. तिनं ती उचलून उशीच्या मागं नेली.

"मामा, माझं तोंड दिसलं की माणूस मला आवडेल तेवढंच बोलतो."

"आन् हे शिकवतात कुटं?"

"शिकवतात की! पण आधी पाच वर्षं मीच अशा कोचावर पडून बोलले. मग कुठं दुसऱ्याचं ऐकायला मिळालं." मग जरा दबकून म्हणाली, "सोलापुरात कुणी आडवं होईल का ओ?"

"स्प्रिंगा बघतो," म्हणत मी आडवा झालो. ती मागं खुर्चीत बसली.

"करकरत न्हाय," मी छताकडं बघत म्हणालो. आणि पुढं आपोआपच निघालं, "आमचा आबा, माझा बाप, दुखण्यात असाच पडून असायचा. मी कधी जवळ बसलोच न्हाय."

किती वेळ बोललो कुणास ठाऊक. उठलो, डोळे पुसले आणि जोरात म्हणालो, "मॅडम, चालतंय की!"