अक्का आणि प्रशीलची गोळी

सोनगीरच्या संघमित्राअक्का बत्तीस वर्षं उपकेंद्रात नर्स होत्या. निम्म्या गावाला पहिली सुई त्यांनीच टोचली, त्यामुळे कुणाला काय विचारावं याची भीडभाड त्यांना उरलेली नाही.

मी धुळ्यात मुलांना वेटलिफ्टिंग शिकवतो. गेल्या वर्षी निवड चाचणीला चार दिवस असताना अक्का व्यायामशाळेत तडक शिरल्या. त्यांनी वाढवलेला भाचा प्रशील माझा सगळ्यात दमदार गडी. तो राज्याच्या संघात जाणार हे मी धरूनच चाललो होतो. अक्कांच्या हातात त्याच्या बॅगेत सापडलेली गोळ्यांची पट्टी होती.

"कितला दिन व्हयनात खाताय?"

"तीन आठवडे," प्रशील म्हणाला.

"पाळी कवय उनी व्हती?"

अक्का अगदी गंभीर. मूल होत नाही म्हणून डॉक्टर ही गोळी देतात, आणि ती घेणाऱ्या बाईला शेवटची पाळी कधी आली, हे त्या कायम विचारत. शेजारी सराव करणाऱ्या राकेशनं वजनं टाकून जमिनीवर लोळण घेतली. कुणी म्हणालं, बारशाला आम्हालाही बोलवा. मीही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो आणि पट्टी हातात घेतली.

क्लोमिफिन. माझं हसू आटलं. पुरुषांच्या अंगात ती ताकदीचं हार्मोन वाढवते, म्हणून खेळात तिला बंदी आहे. कुण्या दीडशहाण्यानं ती त्याच्या गळ्यात मारली होती. चार दिवसांत ती अंगातून जाणारही नव्हती. तपासणीत सापडला तर काही वर्षं घरी बसणार.

"सर, सगळ्यांची लघवी थोडीच तपासतात?" प्रशील पुटपुटला.

खरं सांगायचं तर मीही मनात तेच म्हणत होतो. त्याची आजही लाज वाटते.

अक्कांनी मला विचारलं, "यंदा नही गया तं काय व्हई?"

"वर्ष वाया जाईल, अक्का."

त्या बाकावर बसल्या. "मी या गोया सा वरीस खाद्यात," त्या प्रशीलला म्हणाल्या. "दर महिनाले वाटे, आते व्हई. काहीच व्हयनं नही. मंग तुनी मायनी तुले मना पदरमां दिधं. मी सा वरीस वाट दखी, तुले एक वरीस जड जास का?"

प्रशीलनं माझ्याकडे पेन मागितलं. मी देईना, तेव्हा त्यानं ते माझ्या खिशातून काढलं आणि भिंतीवरच्या चाचणीच्या यादीतलं स्वतःचं नाव खोडलं.